दोन बायकांची साक्ष

रिपोर्ट आला त्या दुपारी दीपा मेश्राम ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. खिशातला फोन वाजला तसा तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला.

"मॅडम, तुम्ही ड्राइव्ह करत नाही ना?" पलीकडून रुचाचा आवाज आला. रुचा तिची पीएचडीची विद्यार्थिनी, पुण्याची. एरवी तिला बोलताना थांबवावं लागायचं. आज एकेक शब्द चाचपून ठेवत होती.

"नाही. बोल."

"पेशींच्या टेस्टिंगचा रिपोर्ट आलाय. त्या आपल्या नाहीयेत, मॅडम. हेला आहेत."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. लेबलं कुणी लावली होती?"

"मीच लावली होती. आणि दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून पाठवलं होतं. दोन्हीकडे हेलाच."

 हातातली खरवडणी दीपानं गाडीच्या टपावर ठेवली आणि ती तशीच तिथे विसरून विद्यापीठाकडे निघाली. पहिल्या वळणावर टपावरून काहीतरी घसरून रस्त्यावर पडल्याचा आवाज आला, तरी तिनं गाडी थांबवली नाही.

लंडन म्हटलं की नागपुरातल्या नातेवाइकांना अजूनही राजवाड्याचं लंडन आठवतं. हे लंडन ओंटारियोतलं. मोठं विद्यापीठ, मोठी हॉस्पिटलं, आणि हिवाळ्यात तळ्यावरून येणारा बर्फ. दीपा इथे आली तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. लोक विचारत, याच कॅन्सरवर का? घरात कुणाला झाला होता का? तिच्या घरात कुणालाही झालेला नव्हता. नागपूरला मायक्रोबायॉलॉजी, मुंबईला पीएचडी, आणि मग जिथे जागा मिळाली तिथे ती आली. जागा होती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या लॅबमध्ये. एचपीव्ही नावाचा विषाणू बाईच्या पेशीत शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, आणि एखादीच्या बाबतीत पेशीच्या जनुकांत स्वतःचा तुकडा घुसवून पेशीच्या वाढीला लागणारा ब्रेक निकामी करतो. तो ब्रेक पुन्हा लागेल का, हा प्रश्न दीपाला आधी नोकरीसाठी मिळाला आणि नंतर तिनं तो सोडला नाही. पुढे लॅबच तिची झाली.

तिचं नाव झालं ते एका पेपरमुळे. विषाणू स्वतःचं काम साधायला पेशीतलं एक प्रथिन वापरतो. ते प्रथिन बंद केलं तर ब्रेक पुन्हा लागतो आणि कॅन्सरची पेशी मरते, असं तिनं दाखवलं होतं. आधी हेला पेशींत. हेला म्हणजे १९५१ साली अमेरिकेत एका कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी. त्या अजूनही जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत. पण एका बाईच्या पेशींत दिसलं ते सगळ्यांत असेलच असं नाही. म्हणून दीपानं तोच प्रयोग दुसऱ्या सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या दुसऱ्या बाईच्या पेशींवर, केला. ती तिनं स्वतः तयार केलेली होती, याच शहरातल्या एका पेशंटच्या गाठीतून. त्या पेशींचं नाव एलओ-१८. त्यांतही पेशी मेल्या. दोन बायकांच्या पेशींनी एकच सांगितलं, म्हणून लोकांनी ऐकलं.

आता रिपोर्ट सांगत होता की दुसरी बाई त्यात नव्हतीच. एकीनंच दोनदा साक्ष दिली होती.

हेलाची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. त्या इतक्या झपाट्यानं वाढतात की शेजारच्या बाटलीत एखादा थेंब उडाला तरी पुरे. दुसऱ्याच्या विरजणाचा थेंब पडावा आणि काही दिवसांनी भांड्यात सगळं त्याचंच दही व्हावं, तसं. मूळच्या पेशी मागे पडतात, मरतात, आणि लेबल मात्र तेच राहतं. दीपानं सुरुवातीला एलओ-१८ची तपासणी केली होती. नंतर केली नव्हती. आता दुसऱ्या पेपरसाठी जर्नलनं पेशींच्या ओळखीचं नवं प्रमाणपत्र मागितलं म्हणून रुचानं सॅम्पल पाठवलं होतं.

लॅबमध्ये रुचा कोट न काढताच बसली होती. डोळे लाल.

"कधी झालं असेल, मॅडम?"

"कुणास ठाऊक. पाच वर्षांपूर्वी, आठ वर्षांपूर्वी. तुझ्या आधी एवढं नक्की." दीपा तिच्या शेजारी बसली. "यात तुझा दोष नाही."

"पण माझ्या थिसिसची तीन चॅप्टर्स त्याच पेशींवर आहेत."

"हो."

 मग रुचा एका दमात बोलली, "आपण आत्ता लगेच कुणाला सांगायलाच हवं का? नवीन पेपरमध्ये फक्त हेला लिहू. ते तर खोटं नाहीये. जुन्याचं नंतर बघू. माझा थिसिसचा डिफेन्स होऊ दे. प्लीज."

दीपाला तिचा राग आला नाही, कारण गाडी चालवताना नेमका हाच विचार तिच्या स्वतःच्या मनात येऊन गेला होता. पण आणखी एक गोष्ट होती. पेपर छापून आल्यावर चार लॅबनी तिच्याकडून एलओ-१८ मागवल्या होत्या, त्यातली एक मुंबईची. ती लॅब त्या पेशींवर औषधांची चाचणी घेत होती.

"मी उद्या सकाळी त्या चौघांना आणि जर्नलला कळवते आहे," ती म्हणाली.

"उद्या?"

"ते लोक रोज त्या पेशींवर काम करताहेत, रुचा. आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही."

रुचा उठली. "तुमचं करिअर झालंय, मॅडम. माझं अजून सुरू व्हायचंय." बॅग उचलून ती निघून गेली.

घरी दीपाचा नवरा प्रफुल्ल वरणाला फोडणी देत होता. तो महापालिकेच्या पाणी विभागात इंजिनियर. इथे इतकी वर्षं काढली, पण जिभेवरचं नागपूर तसंच होतं.

"काऊन, काय झालं? चेहरा काऊन असा?"

तिनं सांगितलं. त्याला विज्ञान सगळं कळत नसे, पण इतकं कळलं.

"पेपर मागे घ्यावा लागेल?"

"हो."

"मग घे ना बाप्पा. कुणी मुद्दाम थोडीच केलं?"

"तुला नाही कळत." ती खुर्चीवर बसली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर लोक म्हणाले असते, चूक झाली. माझं असेल तर म्हणतील, वाटलंच होतं."

प्रफुल्लनं गॅस बंद केला. ती कशाबद्दल बोलते आहे हे त्याला न सांगता कळलं. मुंबईत पीएचडीला असताना तिचा पहिला चांगला रिझल्ट पाहून एक ज्येष्ठ प्राध्यापक हसत म्हणाले होते, "तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती हं." तुमच्याकडून म्हणजे कुणाकडून, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं होतं. तेव्हापासून दीपानं प्रत्येक प्रयोग तीनदा करायची सवय लावून घेतली होती. एलओ-१८चे प्रयोगसुद्धा तिनं तीन-तीनदाच केले होते. बाटलीत कोण आहे, एवढंच पुन्हा पाहिलं नव्हतं.

मुलगी अस्मिता वरून खाली आली, आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "डिड समबडी डाय?"

"नाही गं. जेवायला बस."

"मॉम, यू लुक टेरिबल."

सकाळी दीपानं मेल लिहिले. चार वाक्यांचा मजकूर लिहायला तिला ऑफिसच्या सुरुवातीपासून जेवणाच्या वेळेपर्यंत वेळ लागला. पाठवल्यावर ती डिपार्टमेंट हेडकडे गेली. तो सज्जन माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, "मला आधी विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, पूर्ण चौकशी होईपर्यंत थांब."

"म्हणूनच नाही विचारलं," दीपा म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकली.

पुढचे काही दिवस तिला अन्न गेलं नाही. मेल वाजला की ती हातातलं काम सोडून स्क्रीनकडे वळे. ब्राझीलच्या लॅबनं आभार मानले. एका लॅबनं थंडपणे विचारलं, हे आधी कसं लक्षात आलं नाही? मुंबईहून उत्तरच आलं नाही, आणि त्या न आलेल्या उत्तराचीच तिला सगळ्यांत जास्त धास्ती वाटत राहिली.

एक गोष्ट मात्र तिला कुणालाच सांगता येत नव्हती. एलओ-१८ जिची होती त्या बाईला दीपा भेटलेली होती. जवळच्या स्ट्रॅथरॉय गावाकडची, शाळेची बस चालवणारी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीसाठी दीपा तिच्या खाटेशी गेली होती. बाईनं कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी गेले तरी हे वाढत राहील?" दीपा म्हणाली, वाढलं तर वाढेल. बाई हसली, "मग नीट खायला घाल त्याला." दुसऱ्या वर्षी ती वारली. तिचं नाव कुठे उच्चारायचं नाही असा नियम, आणि दीपानं तो पाळला. पण बाटलीतलं, पेशींना पोसणारं गुलाबी पाणी बदलताना तिला कितीदा तरी ती आठवे. आता कळत होतं की मधली कित्येक वर्षं ती भलत्याच कुणाला तरी खायला घालत होती. बाईच्या पेशी केव्हाच, कुणाच्या लक्षातही न येता, संपून गेल्या होत्या.

सुरुवातीच्या काळात गोठवून ठेवलेल्या नळ्या तिनं शोधल्या. लॅब दुसऱ्या इमारतीत हलली तेव्हा गोठवलेल्या नळ्या ठेवायची जुनी टाकी बिघडली होती. त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. मग एकदम तिला जोअॅन आठवली. तिच्याच बरोबर इथे काम केलेली, नंतर पश्चिमेकडच्या प्रेअरीच्या मैदानातल्या रेजिनाला प्राध्यापक झालेली जोअॅन. जाताना ती एलओ-१८च्या पहिल्या नळ्यांपैकी काही घेऊन गेली होती.

"बघते," जोअॅन फोनवर म्हणाली. "पण मी जूनमध्ये रिटायर होतेय. अर्ध्याहून जास्त सामान देऊन टाकलंय." दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "एक सापडली. एकच. तारीख तुझ्या हातची आहे."

कुरियरनं मागवावी तर त्या आठवड्यात प्रेअरीवर वादळ, विमानं रद्द, पार्सलं कुठे कुठे अडकलेली. वाटेत वितळली तर सगळं संपलं. दीपानं स्वतःच जायचं ठरवलं. प्रफुल्ल एवढंच म्हणाला, "जॅकेट मोठं घे. तिकडे उणे पस्तीस होऊन राहिलं."

विमानतळावर गेटशी रुचा उभी होती. खांद्यावर बॅग.

"तू काऊन आली?" दीपाच्या तोंडून नागपुरीच निघालं.

"दोन माणसं हवीत. तुम्ही धड जेवलेल्या नाही गेले आठ-दहा दिवस. मी पाहिलंय." मग खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले—"

"चूक नव्हतं ते. चल."

रेजिनाला उतरल्यावर पहिल्या श्वासाला नाकातले केस गोठले. जोअॅननं त्यांना थेट विद्यापीठात नेलं. नळीतल्या पेशी वितळवायचं काम रुचानं केलं. कोमट पाण्यात ती फिरवत राहिली. आतला बर्फ मटारएवढा झाला, मग साबुदाण्याएवढा, मग दिसेनासा. तिनं ते बाटलीतल्या गुलाबी पाण्यात सोडलं. दीपा पाठ भिंतीला टेकवून उभी होती. बारा वर्षं गोठलेल्या पेशी. कधी जगतात, कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली नुसता कचरा दिसला. गोल, फुटलेले, तरंगणारे ठिपके. जिवंत पेशी बाटलीच्या तळाला चिकटते. इथे काही म्हणजे काही चिकटलेलं नव्हतं.

"आज पाणी बदलायचं का?" रुचानं विचारलं.

"नको. हलवूच नको."

त्यांनी जोअॅनच्या घरी सूप प्यायलं, खिडकीतून पांढरं आकाश आणि पांढरी जमीन पाहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. दीपा मोबाइलवर परतीची तिकिटं पाहू लागली. जोअॅन म्हणाली, "आणखी एक दिवस थांबा. माझ्या घरात जागा आहे, कामाला माणूस नाही."

चौथ्या दिवशी रुचा मायक्रोस्कोपवर वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. दीपा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय आहे?"

"मॅडम, तुम्हीच बघा. मला खात्री नाही."

एका कोपऱ्यात, बाटलीच्या मानेजवळ, पाच-सहा पेशी एकमेकींना बिलगून तळाशी चिकटल्या होत्या. हेलासारख्या पसरट, सुट्या नव्हत्या. फरशा बसवाव्यात तशा कडेला कड लावून. हा आकार दीपानं फार पूर्वी रोज पाहिला होता. तिनं डोळा काचेवरून काढला नाही. डोळ्यातलं पाणी काचेला लागेल म्हणून मग काढला.

त्या हळूहळू वाढल्या. फारच हळू. लंडनला आणल्यावर तिनं सगळ्यात आधी तपासणीला सॅम्पल पाठवलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणाशी धड बोलली नाही. एकदा अस्मितानं तिच्यापुढे शाळेचा प्रोजेक्ट ठेवला आणि थोड्या वेळानं तो उचलून नेला. "यू आर नॉट इव्हन हिअर, मॉम." दीपा तिच्या मागे जिन्यानं वर गेली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी. पुन्हा दाखव." प्रोजेक्ट होता मधमाश्यांवर.

रिपोर्ट आला. हेला नव्हत्या. त्या बाईच्याच होत्या.

पण खरी धडकी पुढे होती. आता मूळ प्रयोग या पेशींवर करायचा. ते प्रथिन बंद करायचं आणि पाहायचं. पेशी मेल्या तर पेपरचा निष्कर्ष वाचेल. चूक लेबलाची ठरेल, विचाराची नाही. रुचानं प्रयोग केला. पेशी मेल्या नाहीत. वाढ मंदावली, एवढंच. तिनं पुन्हा केला. मग दीपानं स्वतः केला. पेशी जरा सुस्तावल्या आणि पुन्हा आपल्या वाटेला लागल्या.

"म्हणजे आपण चुकलो," रुचा म्हणाली.

"हो. निदान या बाईच्या बाबतीत."

पेपर मागे घेतल्याची सूचना फेब्रुवारीच्या शेवटी जर्नलच्या साइटवर आली. कारण दीपानं स्वतः लिहिलं होतं, कुणाचंही नाव न घेता: पेशींची ओळख चुकली, वेळेवर तपासणी केली नाही, जबाबदारी माझी. आभाळ कोसळलं नाही. एका मीटिंगमध्ये कॉफीच्या टेबलाशी दोघं बोलता बोलता गप्प झाले, तिनं ते पाहिलं. त्या वर्षीची ग्रँट मिळाली नाही. ती यामुळेच की नाही, हे कुणी सांगितलं नाही, आणि ती विचारायलाही गेली नाही. मार्च संपता संपता मुंबईहून मेल आला. त्यांनी आपल्या सगळ्याच सेल लाइन तपासल्या होत्या आणि आणखी दोन भलत्याच निघाल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'आम्ही पण सांगायचं की नाही यावर महिनाभर भांडत होतो.' दीपानं तो मेल वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून पाणी प्यायली.

रुचाच्या थिसिसचा आराखडा दोघींनी मिळून बदलला. एकीच्या पेशी त्या प्रथिनावाचून मरतात, दुसरीच्या मरत नाहीत. दोघींमध्ये विषाणू एकाच जातीचा. मग फरक कशात? विषाणूचा तुकडा जनुकांत कुठे घुसला यात असावा, असं रुचाच्या नव्या प्रयोगांत अर्धवट दिसत होतं. तिला एक टर्म जास्त लागली, आणि त्या टर्मभर व्हिसाची काळजी तिच्या चेहऱ्यावर घर करून होती.

डिफेन्सच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकानं जाड फ्रेमचा चष्मा काढून विचारलं, "तुझ्या गाइडनं इतकी वर्षं चुकीच्या पेशी वापरल्या. मग या नव्यांवर मी विश्वास का ठेवावा?"

दीपाचा चेहरा तापला. तिला तिथे बोलायची परवानगी नव्हती.

रुचा म्हणाली, "ठेवू नका. प्रत्येक आकृतीच्या खाली त्या बॅचच्या तपासणीचा रिपोर्ट आहे. तो बघा."

परीक्षकानं पानं उलटली. पुढचा प्रश्न विचारला. खोलीबाहेर थांबायची वेळ आली तेव्हा रुचा पायऱ्यांवर बसली आणि दीपा येरझाऱ्या घालत राहिली, जणू परीक्षा तिचीच. दार उघडलं. किरकोळ दुरुस्त्यांसह पास.

लॅबमध्ये केक कापला. रुचानं फोनवर पुण्याला आईवडिलांना लावलं. त्यांच्याकडे पहाट व्हायची होती, पण दोघं तयार होऊन बसले होते. आई म्हणाली, "मॅडम, अभिनंदन तुमचंपण. आता साध्या भाषेत सांगा हो, काय शोधलं आमच्या मुलीनं? आम्हाला ती काही सांगतच नाही."

दीपानं फोन हातात घेतला. गेलं वर्षभर याचंच उत्तर आपण चुकवत होतो, असं तिला वाटलं.

"आम्हाला वाटत होतं की एक गोष्ट सगळ्या बायकांना लागू पडेल, काकू. रुचानं दाखवलं की नाही पडत. आणि का पडत नाही, ते आता थोडं कळायला लागलंय."

आईनं विचारलं, "म्हणजे औषध नाही निघालं?"

"नाही निघालं."

"असू दे, असू दे," रुचाचे वडील मागून म्हणाले. "ती जेवते का नीट, ते विचार."

रुचा तोंडात केक कोंबून हसत होती. दीपानं फोन तिच्याकडे दिला आणि इनक्युबेटरकडे गेली. पेशींचं पाणी बदलायचं राहिलं होतं.